संगणकाची हजेरी आणि गैरहजर तबकडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘संगणकाला न सापडणारी हार्ड डिस्क’ असे उत्तर दिले. ते ऐकून ते क्षणभर गप्प झाले. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा मे दिनावर किंवा गिरणी संपावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती रास्तही होती. मी काही यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझे वडील गिरणीत होते आणि मी सातवीत होतो. संपाबरोबर आमचे मुंबईचे बिऱ्हाडही मोडले. पुढे मॅट्रिकनंतर माझे शिक्षण झाले ते रद्दीत मिळालेल्या पुस्तकांतून आणि कारखान्यांच्या दरवाजांवर. तरीही हा विषय निवडला, कारण या हार्ड डिस्कपायी सदतीस माणसांची नोकरी एकदा दोन दिवस टांगणीला लागली होती, आणि त्याआधी एकदा अकरा माणसांची नोकरी माझ्या हातून गेली होती.

हकीगत २०११ ची आहे. डोलवीला महामार्गालगत एका खोलीत आमच्या संघटनेचे कार्यालय होते. जिल्ह्यातल्या एका कंत्राटदाराने सदतीस कामगारांना एके सकाळी दरवाजावरूनच परत पाठवले. मामला कामगार न्यायालयात गेला. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की सलग वर्षाची नोकरी धरली जात असे, आणि मग माणसाला असे विनानोटीस, विनाभरपाई घालवता येत नसे. पण हे २४० दिवस भरले हे दाखवायचे कोणी? हजेरीपट कंत्राटदाराच्या कपाटात. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलेले, की हे दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे, नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. म्हणून आम्ही दोन वर्षे एक उद्योग केला होता. रोज पाळी सुटली की ज्याने त्याने आपली हजेरी येऊन सांगावयाची, गेटपासाचा कपटा दाखवावयाचा, आणि मी ती संगणकात टिपून ठेवावयाची. सुनावणी गुरुवारी होती. मंगळवारी रात्री संगणक चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता.

दुसरी प्रत नव्हती. ती का नव्हती हे मला कृपा करून विचारू नका.

संघटनेतला एक तरुण वीजतंत्री होता, त्याला रात्रीच बोलावून आणले. त्याने पेटीला कान लावला, बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, “दादा, यो मेला नाय. याला हाकच पोचली नाय.” त्या वाक्याने मला आधी धीर आला, आणि पुढे मी या विषयाच्या नादी लागलो तोही त्या वाक्यामुळेच. संगणक चालू होताना आत काय घडते हे त्याने मला समजावले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गिरणीचा दरवाजा उभा राहिला. पाळीच्या भोंग्याला मुकादम उभा राहतो, एकेक नाव पुकारतो, जो ‘हजर’ म्हणेल तो आत, जो बोलणार नाही त्याचा खाडा. संगणकातही असा एक मुकादम असतो. बायोस असे त्याचे नाव. वीज आली की तो प्रत्येक तारेवर हाक देतो, ‘कोण आहेस, तुझे नाव काय, तुझ्यात किती मावते?’ ठरलेल्या वेळात डिस्कने उत्तर दिले नाही की खाडा. मग ती मेली आहे, की झोपली आहे, की मधली तार निसटली आहे, याची मुकादमाला फिकीर नसते. मस्टरवर नाव नाही म्हणजे माणूस कामावर नव्हताच, असे आमचा कंत्राटदार न्यायालयात म्हणत होता. आमचे यंत्रही त्या रात्री तेच म्हणत होते.

ही हाक देण्याची पद्धत एका दिवसात बसलेली नाही. तिच्यामागे साठसत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की बिघाड शोधावयाचा कसा हे निम्मे आपोआप समजते.

पहिली हार्ड डिस्क सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने जाहीर केली. ती रॅमॅक नावाच्या यंत्राचा भाग होती. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या अवजड कारभारात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे, म्हणजे आपल्याकडील पंधरावीस पुस्तके. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते रेनॉल्ड जॉन्सन मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा वाचून उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी आधी तयार केले होते. शाळामास्तराच्या कंटाळ्यातून जगाचे किती भले झाले आहे याचा कोणी तरी हिशेब मांडला पाहिजे! असो. तबकडीला लेप द्यावयाचा होता लोहाच्या गंजाचा, म्हणजे आपण फाटकाला काढतो त्या तांबड्या रंगाच्याच जातीचा. तो सारखा बसेना. तेव्हा त्या मंडळींनी रंग बायकांच्या नायलॉनच्या मोज्यातून गाळला आणि कागदी पेल्यातून फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतला. फिरण्याच्या वेगाने तो कडेपर्यंत पातळ पसरला. डोलवीच्या माणसाला लोखंडाची धूळ नवी नाही. भट्टीच्या बाजूचे वारे असले की दोरीवरच्या कपड्यांवर ती दिसते. त्याच लोखंडाच्या कणांत माणसाची आठवण साठवता येते, एक कण या दिशेला वळला तर ‘होय’ आणि त्या दिशेला वळला तर ‘नाही’, हे मला कळले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. (आजच्या तबकड्यांवर गंज नसतो, कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो.)

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी संगणक बांधला आणि तो १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची होती, इवल्या इवल्या मण्यांसारख्या, तारांत ओवलेल्या. म्हणजे डिस्क नव्हती, पण तत्त्व एकच.

येथे माझ्या चळवळीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. त्याच साठीच्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत शिरू नये म्हणून तिच्याभोवती रात्रंदिवस पहारा केला. स्वयंचलनाने किती नोकऱ्या जातील याची चौकशी करण्यासाठी सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ चा. बँकांत संगणक कोठे व किती आणावयाचे याचा पहिला करार कर्मचारी संघटना आणि बँकमालकांची संघटना यांच्यात १९८३ मध्ये झाला. त्या पहारेकऱ्यांना आज कोणी हसले तर मला राग येतो. पोट ज्याचे जाते तोच पहारा करतो. पण आमच्याकडून एक गोष्ट राहून गेली असे माझे मत आहे. यंत्र किती माणसांचे काम खाईल याचा हिशेब आम्ही मांडला. माणसाने किती दिवस काम केले याची नोंद त्या यंत्रात कोणाच्या ताब्यात राहील, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. १९८३ मध्ये विचारला असता तर २०११ मध्ये मला एका जुन्या संगणकापुढे घाम पुसत बसावे लागले नसते.

आता पुन्हा त्या रात्रीकडे. आमच्या तरुणाने पहिली तपासणी केली ती कानाने. डिस्कमधून बारीक घरघर येत होती, म्हणजे मोटर फिरत होती. साडेतीन इंची डिस्कला दोन तऱ्हेची वीज लागते, मोटरीला बारा व्होल्ट आणि विद्युत्मंडलाला पाच. डिस्क अगदी निःशब्द असेल तर आधी विजेची तार बदलून पाहावी, कारण पुष्कळदा दोष एवढाच असतो. आवाज घरघरीचा असेल तर वीज आली आहे, पुढे चला. पण आवाज ठरावीक अंतराने ‘टक, टक, टक’ असा येत असेल तर त्याच क्षणी वीज बंद करावी आणि पुन्हा चालू करू नये.

ही टकटक म्हणजे काय? १९७३ मध्ये आय.बी.एम.ने एक नवी डिस्क आणली, तिला लोक ‘विंचेस्टर’ म्हणू लागले. तीस-तीस असे दोन भाग असल्यामुळे तीस-तीस आकड्याच्या प्रसिद्ध रायफलीचे नाव तिला पडले. तिच्यात तबकड्या आणि त्यांवरून फिरणारे वाचक डोके ही दोन्ही एकाच बंद डब्यात कायमची ठेवली होती. तेव्हापासून हार्ड डिस्क म्हणजे बंद डबा. डोके तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्यावर ते तरंगते, आणि आज ते अंतर इतके कमी आहे की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले जेमतेम चारदोन. त्या मानाने तुमच्या केसाची जाडी म्हणजे डोंगर. डोके बिघडले की त्याला तबकडीवरच्या दिशादर्शक खुणा वाचता येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा शोधत जाते, मागे येऊन आपटते, तो टक आवाज. आणि बिघडलेले डोके तबकडीला घासू लागले की त्या पातळ थरासकट अक्षरे खरवडली जातात. मग ती कोणालाही परत आणता येत नाहीत.

हे मला २००८ मध्ये ठाऊक असावयास हवे होते. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणच्या अकरा कंत्राटी कामगारांची नोंद मी एका डिस्कवर ठेवली होती. एके दिवशी ती टकटक करू लागली. संगणक तिला मधूनच ओळखी, मधूनच ओळखत नसे. मला वाटले, हट्टी मोटारसायकलप्रमाणे किक मारीत राहिले की लागेल. एका संध्याकाळी मी ती तीसचाळीस वेळा चालू-बंद केली असेल. कोणी सांगितले म्हणून वर दोन थापटाही मारल्या. आधी नावांची यादी दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. शेवटी पनवेलच्या एका दुकानदाराने सुटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डबा टेबलावरच उघडला, आणि आतल्या आरशासारख्या तबकडीवर एक काळपट वर्तुळ उमटलेले मला दाखवले. विशेष स्वच्छ खोलीत, जाणत्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी दिली असती तर त्यातले पुष्कळ वाचले असते, असे पुढे मला कळले. त्या अकरांपैकी एकालाही २४० दिवस सिद्ध करता आले नाहीत. त्यांतला एक आता बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन बसतो. तो मला ओळखतो, मीही त्याला ओळखतो.

तर २०११ ची डिस्क टकटक करीत नव्हती, हे आमचे नशीब. आता पाहावयाची ती निरोपाची तार. या तारेचाही इतिहास आहे. १९८० मध्ये ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीने सव्वापाच इंची डिस्क काढली, तीत पन्नास लाख बाइट मावत. हे गृहस्थ पूर्वी आय.बी.एम.मध्ये रॅमॅकवर काम करीत असत. चोवीस वर्षांत एक टनाचे यंत्र टेबलावर आले, मावण्याचे माप जवळजवळ तेच! १९८४ च्या आय.बी.एम. संगणकात डिस्कचा प्रकार कोणता हे माणसाने क्रमांक घालून सांगावे लागे, आणि तो क्रमांक एका लहान बॅटरीच्या आधारावर टिकत असे. बॅटरी संपली की संगणक आपली डिस्क विसरे. १९८६ च्या सुमारास डिस्कचे नियंत्रक विद्युत्मंडल डिस्कवरच आले. मग तिला आपले नाव सांगता येऊ लागले, आणि पुढे संगणक आपण होऊन हाक देऊ लागला. त्या चाळीस तारांच्या चपट्या पट्टीवर दोन डिस्क जोडता येत, आणि कोण पहिली व कोण दुसरी हे एक बारीक टोपी खिळ्यांवर बसवून ठरवावे लागे. या दोन जागांना इंग्रजीत ‘मालक’ आणि ‘गुलाम’ अशीच नावे होती. २००३ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याच्या कचेरीने आपल्या पुरवठादारांना ही नावे टाळण्याची विनंती केली तेव्हा जगभर थट्टा झाली. मी थट्टा करणार नाही. पण दोन्ही डिस्कना ‘मालक’ केले तर बहुधा एकही हाकेला उत्तर देत नसे, एवढी गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते.

त्याच २००३ सालापासून साटा नावाची अरुंद, सात संपर्कांची तार बाजारात आली. टोपीची भानगड संपली. पण ही जोडणी हलकी, थोड्या धक्क्यानेही सैल होते. त्यात आमची खाडीकाठची हवा. धरमतरच्या खाडीवरून येणारे खारे वारे पितळेची कडी हिरवी करतात, तेथे हे नाजूक संपर्क किती टिकणार? तरुणाने तार काढून दिव्यापुढे धरली. टोकाशी काळसर डाग होता. त्याने सीडीच्या यंत्राची तार काढून डिस्कला लावली, मदरबोर्डावरची जागाही बदलली, डिस्कचे संपर्क शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले आणि वीज दिली. मुकादमाने हाक दिली. पडद्यावर डिस्कचे नाव उमटले.

मी खुर्चीवरून उठलो आणि लगेच यादी उघडण्यासाठी हात पुढे केला. त्याने माझा हात धरला. “आधी नक्कल, दादा,” तो म्हणाला. पहाटे तीनपर्यंत त्याने सगळी नोंद दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आणि मगच मला बसू दिले.

तार बदलूनही डिस्क दिसली नसती तर आम्ही काय केले असते, हेही थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणावर तरी ही वेळ येणार. संगणक सुरू होताना एक कळ दाबून मुकादमाच्या मांडणीत शिरावे, कोठे ती कळ ‘डिलीट’ असते, कोठे ‘एफ दोन’. तेथे त्या जोडणीची जागाच बंद करून ठेवलेली नाही ना, ते पाहावे. घड्याळ भलतेच साल दाखवीत असेल तर नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती स्वस्तात मिळते. मग ती डिस्क दुसऱ्या चांगल्या संगणकाला लावून पाहावी. तेथे दिसली तर दोष आपल्या पेटीत, तेथेही नाही तर दोष डिस्कमध्ये. तशाच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे विद्युत्मंडल काढून बसवावे असे सांगणारे भेटतात. जुन्या डिस्कना ते चाले. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या-त्या डोक्यांची खास मापे एका चिपमध्ये लिहिलेली असतात, ती चिप हलवल्याशिवाय नुसत्या अदलाबदलीने काम होत नाही. डिस्क बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा उपाय सांगणारेही आहेत. त्यांना चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

आणखी एक फसवी अवस्था आहे. मुकादम डिस्कला ओळखतो, पण विंडोज तिला दाखवीत नाही. अशा वेळी डिस्क कामावर आलेली असते, तिला खाते दिलेले नसते, एवढेच. कधी तिच्या भागाला अक्षरच लावलेले नसते, ते लावले की काम होते. पण कधी पडद्यावर नम्र प्रश्न येतो, ही डिस्क नव्याने तयार करू का? डिस्क कोरी, बाजारातून आणलेली असेल तर खुशाल होय म्हणा. तिच्यात तुमचे काही असेल तर नाही म्हणा आणि उठा. त्या एका ‘होय’ने किती कचेऱ्यांच्या जुन्या फायली निकामी झाल्या असतील! मापाच्याही मर्यादा येतात. १९९० च्या आसपासच्या संगणकांना सुमारे ५२ कोटी ८५ लाख बाइटच्या पलीकडे मोजताच येत नसे. जुन्या पद्धतीच्या विभागणीत आजही दोन टेराबाइटच्या पुढचा भाग वाया जातो. आताच्या चिपांच्या डिस्कना तर तबकडीच नाही, त्यामुळे कानाने तपासणी संपली. त्यांत एकाच आकाराच्या पट्टीत दोन निरनिराळ्या भाषा बोलणारे प्रकार येतात, आणि मदरबोर्डाला एकच भाषा येत असेल तर नवी कोरी पट्टीही गैरहजर ठरते.

गुरुवारी सुनावणी झाली. छापील पाने आणि गेटपासांचे कपटे आम्ही शेजारी शेजारी मांडले. कंत्राटदाराच्या वकिलाने विचारले, ही नोंद तुम्हीच केली, मग ती खरी कशावरून? प्रश्न बिनतोड होता. न्यायालयाने कंत्राटदाराला त्याचा हजेरीपट हजर करण्यास सांगितले. पुढच्या तीन तारखांना तो आला नाही. निकालाला वेळ लागला. सदतीसपैकी एकोणतीस जणांचे २४० दिवस ग्राह्य धरले गेले. उरलेल्या आठांचे कपटे अपुरे पडले, आणि नुसत्या संगणकाच्या नोंदीवर त्यांचे काम भागले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नोंद तीन ठिकाणी राहते. एक कार्यालयातल्या संगणकात. एक वेगळ्या डिस्कवर, ती पेणला एका शिक्षकमित्राच्या घरी असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लावून ती हाकेला उत्तर देते की नाही हे पाहिले जाते. तिसरी नोंद निळ्या शाईने, लांबट वहीत, आणि प्रत्येक पानाखाली त्या दिवशी आलेल्या माणसांच्या सह्या. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. काळपट वर्तुळाची ती २००८ ची तबकडी अजून माझ्या कपाटात आहे. नवीन कार्यकर्ता आला की मी ती त्याच्या हातात देतो.